तांबडटोपीचे एकवीस दिवस

शनिवारी सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी, म्हणून इंदिरानगरमधल्या त्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर धनराजच्या घरी, शनिवारी दुपारी राक्षस जमायचे. एक राक्षस म्हणजे कुंदन, वय वर्षं तेरा, खेळातली उंची नऊ फूट. दुसरी आभा, खेळात जादूगारीण, एरवी पहिल्या बाकावर बसणारी. तिसरी सई. ती राक्षस नव्हती, पण दोघांपेक्षा भयंकर होती. ती तांबडटोपी होती.

खेळ साधा होता. धनराज गोष्ट सांगायचा आणि मुलं त्या गोष्टीत शिरायची. समोर गुहा आली तर आत जायचं की नाही हे मुलांनी ठरवायचं, आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशाने. हा फासा धनराजने कारखान्यात उरलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून स्वतः घडवला होता. तो स्टीलच्या ताटात टाकला की खणखण वाजत फिरायचा, आणि तो थांबेपर्यंत तिन्ही मुलं श्वास रोखून बसायची.

तांबडटोपी हा वंश सईने स्वतः शोधून काढला होता. वहीच्या पानावर तिने लिहिलं होतं: रानातल्या परीलोकातली जात. उंची दोन फूट. पायात लोखंडी बूट. दात करवतीसारखे. डोक्यावर टोपी, ती रक्तात भिजलेली राहिली पाहिजे. एकदा भिजवली की एकवीस दिवस टिकते. टोपी वाळली की तांबडटोपी मरते. आणि खाली, दोनदा रेघ मारून: घरच्यांचं आणि सोबत्यांचं रक्त चालत नाही.

तिच्या तांबडटोपीचं नाव होतं कातरबाई. हातात लोकर कापायची मोठी कातर घेऊन ही बाई शत्रूच्या पोटऱ्यांवर तुटून पडायची.

"अगं, एकवीस फार झाले," धनराज तेव्हा म्हणाला होता. "तीन दिवस कर. खेळाला जरा धार येईल."

"एकवीसच," सई म्हणाली.

त्या रात्री धनराजच्या लक्षात आलं. खाली दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सईला जन्मापासून थॅलेसेमिया होता. तिच्या अंगात रक्त नीट तयारच होत नसे. दर एकवीस दिवसांनी ती दवाखान्यात जायची, हाताला सुई लावून पाच तास पडून राहायची, आणि कोणा अनोळखी माणसाच्या रक्ताची एक पिशवी घेऊन घरी यायची. आईबाबांचं रक्त घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. पुढेमागे घरातल्या कोणाची अस्थिमज्जा सईला द्यायची वेळ आली, तर आधी घेतलेलं घरचं रक्त आड येतं म्हणे. म्हणजे बारा वर्षांच्या पोरीने वहीत जे लिहिलं होतं, त्यातलं फारसं काही मनाचं नव्हतं. टोपी, दात आणि कातर तेवढी तिची.

या शनिवारी सईची पिशवी येऊन चार दिवस उलटले असते. पण आलीच नव्हती.

मे महिना होता. कॉलेजं बंद, माणसं गावी, रक्तदानाची शिबिरं नाहीत. सईला बी निगेटिव्ह लागायचं, नाहीतर ओ निगेटिव्ह, आणि दोन्ही मुळातच दुर्मिळ. नेहमीच्या चार दात्यांपैकी एकाने मागच्या महिन्यातच रक्त दिलं होतं, एकाला कावीळ झाली होती, एक परदेशी गेला होता आणि एक फोन उचलत नव्हता. सईचं हिमोग्लोबिन साडेपाचावर आलं होतं. मंगळवार सकाळच्या पुढे थांबता येणार नाही, हृदय थकेल, असं डॉक्टर शुक्रवारी म्हणाले होते.

तरी शनिवारी चार वाजता सई जिना चढून खेळायला आली. एक मजला चढायला तिला तीन वेळा बसावं लागलं.

"झोपली असतीस तर?" धनराज म्हणाला.

"आज विसावा दिवस आहे, दादा," ती म्हणाली. कातरबाईचा विसावा, असं तिला म्हणायचं होतं.

इथे धनराजचं चुकलं होतं, आणि ती चूक महिनाभर आधी झाली होती. त्याने या वेळची गोष्ट रचली ती हाडांच्या किल्ल्याची. चोवीस खोल्या. प्रत्येक खोलीत सांगाडे, दगडी सिंह, वाळूच्या विहिरी, आपोआप चालणारी चिलखतं. फार मेहनत घेतली होती त्याने. एका खोलीला खेळातला एक दिवस, आणि कातरबाईची टोपी शेवटची भिजली ती किल्ल्याच्या दारात. मुलं सोळाव्या खोलीत पोचली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की अख्ख्या किल्ल्यात रक्त असलेला एकही जीव आपण ठेवलेला नाही.

दुसरा कोणी असता तर त्याने गुपचूप एखादा दरोडेखोर घुसवला असता. धनराजच्याने ते होईना. सात वर्षं तो यंत्रावर काम करत होता. ड्रॉइंगवर एकदा सही झाली की त्यात खाडाखोड करायची नाही, माप बदलायचं असेल तर वरची मंजुरी हवी, हे त्याच्या हाडीमाशी मुरलं होतं. खेळातही तो हेच सांगायचा: वहीत लिहिलं ते लिहिलं. मुलांना त्याचा तोच गुण आवडायचा. दादा चीटिंग करत नाही.

"विसावी खोली," त्याने वाचलं. "लांब दालन. भिंतीत कोनाडे. कोनाड्यांत कवट्या."

"परत कवट्या!" कुंदन ओरडला. "दादा, एखादी शेळी तरी ठेवायची होतीस."

"शेळी तू आहेसच की," आभा म्हणाली. मग सईकडे वळून हळूच, "माझं घे ना. करंगळीतून थोडंसं. जादूगारिणीचं रक्त जोरदार असतं."

"चालत नाही. तू सोबती आहेस."

कुंदनने विचार केला. तो विचार करायचा तेव्हा त्याचे कान हलायचे. "मग मी तुझ्याशी कट्टी," त्याने अंगठा दाताला लावून सोडला. "घे. आता मी तुझा सोबती नाही, शत्रू आहे. मार कातर."

सई हसली. हसताना तिला दम लागला. ओठ पांढरे पडले होते, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसत होता. "कट्टी केली म्हणून कोणी परका होतो का रे, येड्या?"

त्यांनी फासा टाकला, दालन ओलांडलं, चिलखतांशी लढले. कुंदनने चारदा वीस पाडले. असा फासा त्याला जन्मात पडला नव्हता, आणि आज त्याचा काही उपयोग नव्हता. चिलखत फुटलं की आतून वाळू सांडायची. मग एकविसावी खोली आली.

धनराजने पान उलटलं. एक उंदीर, त्याच्या मनात आलं. कोपऱ्यात एक उंदीर म्हटलं तरी पुरे. कोण बघायला येणार आहे? त्याने तोंड उघडलं.

"दादा," सई म्हणाली. ती त्याच्या तोंडाकडेच बघत होती. "जे लिहिलंय ते वाच हं."

पानावर एकच शब्द होता. धनराजने तो वाचला. "रिकामी."

ताटातला फासा कोणी उचलला नाही.

"मग मेली," सई म्हणाली. तिने कातरबाईच्या पानाची घडी घातली आणि ते धनराजच्या वहीखाली सरकवलं. "बरोबर आहे. नियम मीच लिहिलाय."

"हे काय!" कुंदनचा आवाज फुटला. "दादा, तू काही कर ना!"

"दुसरं पात्र कर, सई," धनराज घाईघाईने म्हणाला. "आत्ता करू. कोणतीही जात घे. पंखवाली घे."

सईने जरा वेळ विचार केला. मग मोठ्या माणसासारखी म्हणाली, "नको आत्ता. मंगळवारनंतर बघू."

धनराजला त्या रात्री झोप आली नाही. खेळातलं एक दोन फुटी भूत मेलं, एवढंच झालं होतं. पण पोरीला वाचवायचं सोंगसुद्धा आपल्याला जमलं नाही, हे त्याच्या मनातून जाईना. तिनेच मनाई केली, हे खरं. पण बारा वर्षांच्या मुलीने मनाई केली म्हणून मोठ्या माणसाने ऐकायचं असतं का? उंदीर का नाही म्हणालो मी? एवढासा उंदीर.

रविवारी तो कामावर गेला. संध्याकाळी परत आला तर जिन्यात देवव्रतकाका बसलेले. सईचे बाबा. रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, हातात पिशवी, आणि घराचं दार चार पावलांवर असून ते आत जात नव्हते.

"काका?"

"बस जरा," ते म्हणाले. "आत गेलो की तिची आई तोंडाकडे बघते."

धनराज खालच्या पायरीवर बसला.

"आज एकवीस यजमान झाले," देवव्रतकाका म्हणाले. "संकल्प सांगताना प्रत्येकाला विचारलं, रक्तगट कोणता? हसतात रे लोक. एक म्हणाला, गुरुजी, हा नवीन विधी कधीपासून? गोत्र सांगतात, आजोबा-पणजोबांची नावं सांगतात, मूळ गाव सांगतात. रक्तगट कोणालाही माहीत नाही. एकालाही. अंगात वाहतं ते काय आहे, ते कोणाच्या गावी नाही." त्यांनी ओल्या धोतराचा काठ पिळला, पाणी पायरीवर ठिबकलं. "मी सगळ्या रक्तपेढ्यांत हात पुढे करून आलो. माझं घ्या, तिच्या आईचं घ्या, बाटलीभर घ्या. नको म्हणतात. बाप असून माझं रक्त तिच्या कामाचं नाही. काय म्हणायचं याला?"

धनराजचं स्वतःचं ओ पॉझिटिव्ह. तेही कामाचं नाही. हे त्याला तपासायची गरज नव्हती, कारण ते त्याच्या गळ्यात लिहिलेलं होतं.

त्याने गळ्यातलं कार्ड हातात घेतलं आणि उलटं केलं. कारखान्याचं ओळखपत्र. नाव, खातं, फोटो, आणि फोटोच्या खाली लाल अक्षरांत रक्तगट. अपघात झाला तर धावपळ नको म्हणून प्रत्येक कामगाराच्या कार्डावर तो छापलेला असायचा. यंत्रावरच्याही, कंत्राटावरच्याही, झाडलोट करणाऱ्यांच्याही. तीन पाळ्या मिळून नऊशे माणसं रोज एका फाटकातून आत-बाहेर करत होती, आणि नऊशेंच्याही गळ्यात रक्तगट लटकत होता.

"काका," तो उठला. "उद्या दुपारपर्यंत थांबा."

सोमवारी सकाळी साडेसहाला धनराज फाटकाबाहेर उभा राहिला. पावणेसातपासून पहिली पाळी आत जायला लागते आणि सातला रात्रपाळी बाहेर येते, म्हणजे ही अर्ध्या तासाची गर्दी हेच त्याचं दुकान. त्याने सुपरवायझरला फोन करून आज येत नाही सांगितलं होतं. वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखा त्याचा चेहरा झाला होता. आयुष्यात त्याने कोणापुढे हात पसरला नव्हता. आता तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या छातीकडे बघत होता.

"काय रे धनराज, पोलिसात लागला का?" एकजण म्हणाला.

"कार्ड बघू. रक्तगट बघायचाय."

"लग्न जुळवतोय का कोणाचं?"

बी पॉझिटिव्ह. ओ पॉझिटिव्ह. ए पॉझिटिव्ह. ओ, ओ, बी. माणसं सरकत होती. सातला दहा मिनिटं कमी असताना एका बाईच्या कार्डावर त्याला ती आडवी रेघ दिसली. बी निगेटिव्ह. सुवर्णा, पॅकिंग विभाग, कंत्राटी. हातात डबा, डोक्याला रुमाल, चाल झपाझप. धनराजने तोंड उघडलं आणि मिटलं. ती कामावर चालली होती. तिला थांबवलं तर तिचा खाडा होणार. कंत्राटी माणसाला खाडा महागात पडतो, हे त्याला ठाऊक होतं. एवढ्या गर्दीत ही एक सापडली तर सुटणाऱ्या पाळीत दुसरं कोणी सापडेलच. त्याने तिला जाऊ दिलं.

आणि सापडलेही. रात्रपाळीतून दोघे निघाले, एक बी निगेटिव्ह, एक ओ निगेटिव्ह. राकेश आणि त्याचा दोस्त. धनराजने त्यांचे हात धरले. लहान मुलगी आहे म्हणाला. दोघेही एका शब्दाने तयार झाले.

"चल ना यार, त्यात काय," राकेश म्हणाला आणि त्याने जांभई दिली.

तिघे दोन मोटरसायकलींवर रक्तपेढीत गेले. आठला पेढी उघडली. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी, आशाताई त्यांचं नाव, दोघांना समोर बसवलं आणि अर्ज भरता भरता विचारलं, "रात्री किती तास झोपलात?"

"झोप कसली मॅडम, पाळी होती," राकेश अभिमानाने म्हणाला.

आशाताईंचं पेन थांबलं. "मग नाही चालणार. जागरण झालेल्या माणसाचं रक्त आम्ही घेत नाही. चक्कर येऊन पडतात. नियमच आहे तसा."

"मॅडम, मी धडधाकट आहे!"

"दिसतंय. घरी जा, सहा तास झोपा, मग या."

"मग दुपारी दोनला येतो."

"दोनला आलात तर रक्त घेईन," आशाताई धनराजकडे बघत म्हणाल्या. पोरगी त्यांच्या ओळखीची होती. "पण तपासणीचं यंत्र दिवसातून एकदाच लावतो, एक वाजता. एकनंतर आलेली पिशवी उद्या संध्याकाळी तयार होणार. तपासणीशिवाय मी कोणालाच देऊ शकत नाही. सईला तर नाहीच."

उद्या संध्याकाळ. डॉक्टरांनी सांगितली होती उद्या सकाळ.

धनराज खुर्चीवर बसला. भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ झाले होते. मोकळी माणसं पकडायची म्हणून त्याने नेमकी न झोपलेली माणसं धरून आणली होती. आणि झोपलेली, डबा घेतलेली, सकाळी नाश्ता करून निघालेली बाई त्याने स्वतःच्या डोळ्यांनी फाटकातून आत जाऊ दिली होती.

पुन्हा सातपूर. उन्हाने डांबर मऊ पडलं होतं. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने हात आडवा केला. "आज तुझी सुट्टी ना? मग आत नाही. पाळी सुटल्यावर भेट."

"तीनला सुटते. मला आत्ता पाहिजे."

धनराजने हात जोडले. रक्षक ओशाळला. त्याने पॅकिंगला फोन लावला. वीस मिनिटांनी सुवर्णा केबिनच्या खिडकीपाशी आली, आतल्या बाजूला, हातमोजे काढत, कपाळाला आठ्या.

"काय झालं? घरून फोन आला का?" तिने आधी तेच विचारलं.

"नाही नाही. ताई, तुमचं रक्त पाहिजे."

तिने रक्षकाकडे बघितलं. रक्षकाने खांदे उडवले.

धनराजने सगळं सांगितलं. सई, एकवीस दिवस, साडेपाच, मंगळवार, एक वाजता लागणारं यंत्र. त्याच्या तोंडून शब्द धडपडत बाहेर येत होते. सुवर्णा ऐकत होती. बाई तिशीच्या आसपासची, गिरणारे गावाकडची. घरी टोमॅटोचा मळा, पण तो दिरांकडे, म्हणून ही कंपनीत.

"सकाळी तुम्हीच हुभे होते ना गेटावर?" ती म्हणाली. "माझ्या कार्डाकडं टक लावून बघत होते. म्हणलं, हा कोण बाबा."

"हो. मी."

"मग तवाच का नाय बोलले?"

"तुमचा खाडा झाला असता."

"आता काय होईल? आता खाडा नाय होनार?" ती चिडली. "आता लाईन चालू हाय. माझ्या जागी कोन बसंल? सकाळी सांगितलं असतं तर बदली बाई तरी मिळाली असती. नऊ महिने झाले, एक खाडा नाय माझा. कंत्राटदार म्हनतो वर्षभर खाडा नसंल तर नाव पुढं पाठवतो."

ती म्हणत होती त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

"तुमची कोन ती? भाची?"

"कोणी नाही. शेजारची. शनिवारी आमच्याकडे खेळायला येते."

"आन् तुम्ही कामावर नाय गेले? शेजारच्या पोरीसाठी?"

"मी..." धनराज म्हणाला. "ताई, तुम्हाला हसू येईल. आमच्या खेळात तिची एक भुताची पोर होती. रक्त मिळालं नाही की मरणारी. शनिवारी ती मेली. मला वाचवता आली असती. एक उंदीर म्हणायचं होतं फक्त. मी म्हणालो नाही."

सुवर्णाने त्याच्याकडे नीट बघितलं, जसं आपण पाय घसरलेल्या पोराकडे बघतो, लागलं की नुसता घाबरलाय ते ठरवायला.

"लय वेडे हाय तुम्ही," ती म्हणाली. मग रक्षकाला, "गेटपासचं बुक कुठंय?"

पासवर सुपरवायझरची सही लागली. त्याने कारण विचारलं. तिने सांगितलं. त्याने सही केली आणि वर म्हणाला, कंत्राटदाराचं मला सांगू नकोस. बाहेर पडता पडता साडेदहा वाजले. पेढीत पोचले तेव्हा सव्वाअकरा.

तिथे शुभांगीकाकू आल्या होत्या, सईची आई. सईला वरच्या वॉर्डात आणून ठेवलं होतं. ऑक्सिजन लावला होता, एवढंच त्या बोलल्या. सुवर्णाला बघून त्या उठल्या. त्यांनी तिच्या रुमालाचं टोक नुसतं हातात धरलं.

आशाताईंनी अर्ज भरला. झोप? सात तास. जेवण? भाकरी, पिठलं. वजन? बावन्न. मग त्यांनी काचेची बरणी पुढे ओढली. तीत निळं पाणी होतं.

"बोट द्या," त्या म्हणाल्या. आणि धनराजला, "आशा ठेवा, पण जास्त ठेवू नका. बायकांचं रक्त निम्म्या वेळा कमी निघतं. थेंब बुडाला तर घेते. तरंगला तर नाही."

सुई टोचली. बोटाच्या टोकाला लाल मणी फुगला. आशाताईंनी तो बारीक नळीत घेतला आणि निळ्या पाण्यावर सोडला.

थेंब वर थांबला. शुभांगीकाकूंनी डोळे मिटले. धनराजने नाही मिटले. शनिवारी पान उलटताना त्याने वर बघितलं नव्हतं, आज तो बघणार होता. थेंब जरा थरथरला, गोल झाला, आणि मग घरंगळल्यासारखा खाली निघाला. अर्ध्यात आला. थांबला नाही. तळाला जाऊन बसला.

"झोपा," आशाताई म्हणाल्या. "बाही वर."

पिशवी भरायला आठ मिनिटं लागली. सुवर्णा छताकडे बघत पडली होती, मूठ उघडमीट करत. "दूध काढल्यावानी हाय," ती म्हणाली, आणि काकू रडता रडता हसल्या. साडेबाराला पिशवीतला नमुना यंत्राच्या खोलीत गेला.

आता वाट बघणं. सुवर्णाला बिस्किटं आणि सरबत दिलं. तिने एक बिस्किट खाल्लं आणि विचारलं, "हे किती दिवस पुरंल तिला?"

"एकवीस," काकू म्हणाल्या.

"मग मी पुन्हा येईन."

"तुम्हाला आता चार महिने देता येणार नाही," आशाताई आतूनच म्हणाल्या.

सुवर्णाचं चावणं थांबलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं, मान हलवली, पुन्हा मोजलं. तिच्या चेहऱ्यावरची खुशी हळूहळू उतरली. एवढं सगळं करून आपण फक्त तीन आठवडे विकत घेतले, हे तिला पहिल्यांदाच समजत होतं. काकूंना ते बारा वर्षं माहीत होतं.

साडेपाचला आशाताई बाहेर आल्या. "जुळलं," त्या म्हणाल्या, बाकी काही नाही, आणि पिशवी काकूंच्या हातात न देता स्वतः घेऊन जिना चढल्या. वरून अर्ध्या तासाने देवव्रतकाकांचा फोन आला. फोनमधून वॉर्डातल्या पंख्याचा आवाज येत होता, आणि मधेच सईचा, बारीक पण चिडका: "बाबा, तुम्ही नळीवर उभे आहात."

मंगळवारी सकाळी पावणेसातला धनराज कामावर आला तेव्हा सुवर्णा फाटकाबाहेर उभी होती. रुमाल तोच, डबा तोच. पण ती आत जात नव्हती.

"काय झालं, ताई?"

"कंत्राटदाराचा मानूस म्हनला, आज नको येऊ. बदली बाई लावली. उद्या बघू." ती सरळ बोलली, पण त्याच्याकडे न बघता.

धनराज फाटकाकडे वळला. "मी बोलतो त्याच्याशी. सुपरवायझरला घेऊन जातो. आत्ता जातो."

"जा. बोला. बोलायलाच पाहिजे तुम्ही," ती म्हणाली. "पन आधी हिकडं धरा हे." तिने डबा त्याच्या हातात दिला आणि पदरात खोचलेला कागद काढला. पॅकिंगच्या खोक्यावरचं लेबल फाडून त्याच्या मागे तिने पेनाने लिहिलं होतं. दोन नावं, दोन फोन नंबर. "सहापासून हुभी हाय. एक मिळाला पहिल्या पाळीचा. दुसरा रात्रपाळीचा, आज जरा लवकर सुटला. लगेच चलतो म्हनत होता."

"रात्रपाळीचा?" धनराज दचकला. "अहो, त्याचं घेत नाहीत..."

"म्हाईत हाय मला. म्हनलं, भाऊ, तू आधी घरी जाऊन झोप. घाई नाय. एकवीस दिवस हायत." मग त्याच्या खांद्यावरून मागे बघत तिने आवाज चढवला. "ओ दादा, ओ पिवळा शर्ट! कार्ड दाखवा जरा."